'डूम' हा शब्द निवाड्याकडून नाशाकडे कसा गेला?

नौपाडाकर

इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासावर वाचन चालू आहे. त्यात जुन्या राजांच्या कायद्यांना सरसकट 'डूम्स' म्हटलं आहे. आपल्याला डूम म्हटलं की सर्वनाश आठवतो. डूम्सडे, 'वी आर डूम्ड', आणि हल्ली घरोघरी ऐकू येणारं डूमस्क्रोलिंग, म्हणजे मोबाइलवर वाईट बातम्या एकामागून एक बघत बसणं. कोशात पाहिलं तर या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ कायदा, निवाडा, अधिकारी माणसाने दिलेला निर्णय असा आहे. त्यात वाईट काहीच नाही. जुन्या इंग्रजीत उच्चार 'डोम', ओ लांबवून. 'डीम' म्हणजे मानणे, ठरवणे, हे क्रियापद त्याच घरातलं. किंगडम, फ्रीडम, विज्डम या शब्दांच्या शेपटीतला 'डम'सुद्धा हाच.

केंटचा राजा एथेलबर्ट याचे इ.स. ६००च्या आसपासचे कायदे हे इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखनात मोडतात. त्यांची जी नक्कल बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात टिकली, तिच्या मथळ्यात 'हे ते डूम, जे एथेलबर्ट राजाने घालून दिले' अशा अर्थाचं वाक्य आहे. आत काय आहे? कुणाचा अंगठा तोडला तर २० शिलिंग द्या, समोरच्या चार दातांपैकी एखादा पाडला तर दातामागे ६ शिलिंग द्या. म्हणजे भांडण रक्तापर्यंत जाऊ नये म्हणून केलेली तजवीज. त्याला नाव डूम!

माझे प्रश्न दोन. न्यायाचा हा शब्द नाशाचा कसा झाला? आणि मराठीत असा एखादा शब्द आहे का, ज्याच्या पोटात कायदाही आहे आणि अटळ नशीबही? 'निवाडा'त नशीब नाही, 'दैवा'त कायदा नाही. जाणकारांनी लिहावं. समाजाला न्यायाचा आधार वाटतो की धाक, हे अशा शब्दांच्या प्रवासात दिसतं असं मला मनापासून वाटतं.

मीनल_ऐरोली

वाचते आहे. डूमस्क्रोलिंगला मराठी शब्दही सुचवा कुणीतरी. ठाणे-वाशी गाडीत सकाळी अर्धा डबा तेच करत असतो. युद्ध, पूर, अपघात, पुन्हा युद्ध. तुर्भे येईपर्यंत चेहरे उतरलेले.

घणसोलीचा_मन्या

डूम म्हणजे आमच्यासाठी १९९३चा गेम. बंदुका आणि राक्षस. न्यायबिय काही दिसला नव्हता त्यात :)

तलावपाळी

नौपाडाकर, डूम्सडेतच उत्तर आहे. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे जगाच्या शेवटी देव सर्वांचा न्याय करणार. त्या दिवसाला जुन्या इंग्रजीत 'डोमेस-डे' म्हणत. साधा शब्दार्थ निवाड्याचा दिवस. पण त्या दिवशी जग संपणार, पापी नरकात जाणार. मध्ययुगात इंग्लंडमधल्या चर्चच्या भिंतींवर हा प्रसंग रंगवत आणि त्या चित्रांनाच 'डूम' म्हणत. सॅलिसबरीच्या सेंट थॉमस चर्चमध्ये कमानीवर असं एक भलंमोठं चित्र आजही आहे. एका बाजूला स्वर्गात जाणारे, दुसऱ्या बाजूला राक्षसांनी ओढत नेलेले. वाचता न येणारा माणूस दर रविवारी ते चित्र बघणार. त्याला डूम म्हणजे काय वाटेल? स्वर्गात जाणारे लक्षात राहत नाहीत, ओढत नेलेले राहतात.

कोर्टनाका

मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. तलावपाळी यांचं म्हणणं पटतं, पण सगळा भार चर्चवर टाकू नये. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, पुढे न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली. जजमेंट, जस्टिस, कोर्ट, व्हर्डिक्ट हे सगळे त्या वाटेने आलेले शब्द. १३६२ साली कायदा करून कोर्टातलं बोलणं इंग्रजीत आणायचं ठरलं, तोवर फ्रेंच शब्द मुरले होते. रोजचं काम जजमेंटने घेतलं आणि डूमच्या वाट्याला उरला फक्त देवाचा निवाडा. ज्या शब्दाचं कामकाजातलं स्थान जातं तो एक तर मरतो किंवा भारदस्त, भीतिदायक होऊन बसतो.

आपल्याकडे तेच पाहा. सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, मराठी भाषांतरात जजमेंट म्हणजे न्यायनिर्णय, डिक्री म्हणजे हुकूमनामा. 'निवाडा' हा आपला जुना शब्द तिथे फारसा उरला नाही. पक्षकार मात्र आजही विचारतात, "ताई, निकाल कधी लागणार?"

जुनी_कागदपत्रे

कोर्टनाका, अगदी बरोबर, आणि यात मला भर घालायचीच आहे. मराठेशाहीतले न्यायाचे कागद वाचले की शब्दांचा हाच प्रवास डोळ्यांसमोर दिसतो. वतनाचा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेपुढे, आला की दोन्ही पक्षांकडून आधी 'राजीनामा' लिहून घेत. म्हणजे सभा जो निवाडा देईल तो मला राजी आहे, मान्य आहे, असा कबुलीचा कागद. आज राजीनामा म्हणजे खुर्ची सोडल्याचं पत्र. निवाडा झाला की जिंकणाऱ्याला मिळे निवाडपत्र किंवा महजर. तो सरकारात 'हरकी' भरायचा, म्हणजे आनंदाची रक्कम. हरणारा भरायचा 'गुन्हेगारी'. होय, गुन्हेगारी हे एका रकमेचं नाव होतं. आज वर्तमानपत्रात तोच शब्द कुठल्या अर्थाने येतो ते सांगायला नको.

साक्षी-पुरावा पुरला नाही तर दिव्य. रवादिव्यात तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. हात धड असेल तर माणूस खरा. इंग्लंडमध्येही तापलेलं लोखंड आणि पाण्याची दिव्यं होती. १२१५ साली चर्चने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला बंदी केली तेव्हा ती मोडीत निघाली. आपण मात्र आजही म्हणतो, "दिव्य करून आलो बाबा." घोडबंदर रोडने संध्याकाळी घरी पोचणारा प्रत्येक जण म्हणतो.

कासारवडवली_९५

घोडबंदरचा उल्लेख काळजाला भिडला. गायमुखच्या घाटात दिव्याहून वेगळं काही घडत नाही.

पाचपाखाडी_पीके

धागा चांगला आहे, पण मूळ शोधून उपयोग काय? शब्दाचा आजचा अर्थ आज लोक जो वापरतात तो. राजीनामा म्हणजे कबुली असं धरून कुणी चालेल का? ऑफिसात साहेबाला राजीनामा दिला आणि म्हटलं, मला तुमचं सगळं मान्य आहे, तर चालेल?

नौपाडाकर

पीके, आजचा अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणतच नाही. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, हा आग्रह मलाही मान्य नाही. मला उत्सुकता प्रवासाची आहे. एथेलबर्टच्या काळच्या माणसाला डूम ऐकून हायसं वाटत असेल, कारण डूम नसेल तर सूड होता. त्याच शब्दाने नंतरच्या माणसाला घाम का फुटावा?

मी_दिवाळेकर

कारण कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये. सोपं आहे. निकाल चांगला लागला तर माणूस पेढे वाटून विसरतो. वाईट लागला तर तीन पिढ्या आठवण काढतात.

कोर्टनाका

दिवाळेकर, तुम्ही विनोदाने म्हटलंत, पण 'निकाल' या शब्दाचं नेमकं हेच झालं आहे. निकाल म्हणजे बाहेर काढणे, प्रश्न मार्गी लावणे. दहावीचा निकाल, खटल्याचा निकाल. निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंतची, बरोबरीत न सोडवलेली. आणि "त्याचा निकाल लावला" म्हणजे? त्याला संपवला. डूमला जो प्रवास करायला कित्येक शतकं लागली तो प्रवास मराठीतला निकाल एकाच वाक्यात करतो. फरक इतकाच की डूमचा जुना अर्थ गेला आणि निकालाचे दोन्ही अर्थ जिवंत आहेत.

'शिक्षा' घ्या. संस्कृतात शिकणं-शिकवणं, हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. हिंदी पट्ट्यातून ठाण्यात आलेल्या एका पक्षकाराला मी म्हटलं, "शिक्षा होऊ शकते." तो म्हणाला, "वो तो अच्छी बात है." मग समजावून सांगावं लागलं.

मीनल_ऐरोली

कोर्टनाका, हा किस्सा मी उद्या शाळेत सांगणार. आठवीचा वर्ग डोक्यावर घेईल.

खाडीकिनारी

मी कोळी आहे, ठाणे खाडीच्या काठचा. डूमवरून डीम आलं म्हणालात म्हणून सांगतो. आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, इंग्लंड आणि आयर्लंडच्या मध्ये. तिथे न्यायाधीशाला आजही 'डीमस्टर' म्हणतात. म्हणजे डूम देणारा. आणि त्याची शपथ अशी आहे की हेरिंग माशाचा काटा जसा माशाच्या बरोबर मध्ये असतो, तसा मी दोन पक्षांच्या मध्ये राहून कायदा चालवीन. ही शपथ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आनंद झाला. हेरिंग म्हणजे दिसायला आपल्या तारलीसारखा. ज्या माणसाने तो हाताने साफ केला आहे त्यालाच ही शपथ सुचेल. काटा कुणाच्या बाजूला कलत नाही, दोन्हीकडचं मांस त्यालाच धरून असतं. कुठल्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला ही शपथ जास्त समजते.

आमच्याकडे जाळ्यावरून, होडीच्या जागेवरून भांडणं होतात तेव्हा जमातीचे पंच बसतात. मध्ये बसणारा माणूस असा असावा लागतो.

जुनी_कागदपत्रे

खाडीकिनारी, या धाग्यातला सर्वांत सुंदर प्रतिसाद. शपथेतला 'मध्ये राहून' हा भाग मूळ इंग्रजीत 'इंडिफरंटली' या शब्दाने सांगितला आहे. तेव्हा त्याचा अर्थ निःपक्षपातीपणे. आज इंडिफरंट म्हणजे ज्याला कशाचंच काही वाटत नाही असा. निवाड्याच्या शब्दांना ही खोडच दिसते.

नौपाडाकर

तारली आणि न्याय! खाडीकिनारी, मनापासून आभार.

वर्तकनगर_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत 'डीम' हा शब्द रोज वापरात आहे हो! डीम्ड कन्व्हेयन्स. बिल्डरने इमारत विकली, पैसे घेतले, पण जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायला टाळाटाळ. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा, १९६३चा. त्यात कलम ११ खाली २००८च्या दुरुस्तीने सोय झाली की बिल्डर येवो न येवो, सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, नमुना ७, कागदपत्रं लावायची आणि सक्षम प्राधिकाऱ्याने ऐकून घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. बिल्डरने सही केली असं मानून चालायचं. सरकारी मराठीत 'मानीव अभिहस्तांतरण'. आमच्या सभेत निम्म्या लोकांना हा शब्द उच्चारता येत नाही, पण त्याचं महत्त्व सगळ्यांना कळतं, कारण पुनर्विकासाला जमीन नावावर हवी.

आज समजलं की या डीमचा बाप डूम आहे. आमच्या बिल्डरला हे आवडेल.

कोर्टनाका

सेक्रेटरी, म्हणूनच 'मानीव' हा शब्द मला आवडतो. कायदा म्हणतो, घडलं नसलं तरी घडलं असं आम्ही ठरवतो. हा शुद्ध जुना डूम: ठरवणे, घालून देणे. डीम्ड युनिव्हर्सिटीला अभिमत विद्यापीठ म्हणतात तिथेही तेच. कागद लवकर पुरे करा. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मंजूर नकाशा, सदस्यांच्या नोंदणीकृत करारांच्या सूची दोन. अर्ज बहुतेक वेळा या कागदांपाशीच अडकतो.

सीवूड्स_जयंत

आमच्याकडे सिडकोची जमीन, भाडेपट्ट्याची. आम्हाला हे लागू होतं का?

कोर्टनाका

जयंत, जमीन सिडकोचीच राहते. तुमच्याकडे प्रश्न भाडेपट्टा सोसायटीच्या नावे होण्याचा आहे, त्यात सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्काचा विषय येतो. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते. इथे डूम भरकटेल.

कळव्याचा_काका

भरकटलाच आहे तर मीही भरकटवतो. 'आगडोंब' आणि 'डूम' एकच का? आणि डोंबिवली? आमच्या लोकलची गर्दी पाहता संबंध असावा.

शारदा_नेरूळ

काका, आगडोंबाचा डूमशी संबंध नाही, नुसता ध्वनी जुळतो. डोंबिवलीलाही सोडून द्या, तिथे माझी बहीण राहते :)

मी संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त आहे. उशिरा आले, पण नौपाडाकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते तुमच्या अपेक्षेपेक्षा जवळचं आहे. तो शब्द आहे 'विधी'.

जुन्या इंग्रजीतला डोम ज्या मूळ धातूपासून आला त्याचा अर्थ 'ठेवणे, स्थापन करणे'. संस्कृतात तो धातू म्हणजे धा. मूळ भाषेतला ध संस्कृतात ध राहिला आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषेत त्याचा ड झाला. मधु आणि मीड, विधवा आणि विडो या जोड्यांत तोच बदल दिसेल. म्हणजे डूम हा आपल्या धा-चा लांबचा भाऊ. न्यायदेवता मानली गेलेली ग्रीक थेमिस, तिचं नावही याच घराण्यातलं. डूम म्हणजे 'जे घालून दिलं आहे ते'.

आता धा-ला वि लावा. विधी म्हणजे घालून दिलेला नियम. विधिमंडळ, विधानसभा, विधेयक, संविधान, आणि मंत्रालयातला विधी व न्याय विभाग. सगळे धा-चे. आणि विधिलिखित? विधीचा लेख? विधाता? तेही धा-चेच. कायदा आणि अटळ नशीब एकाच शब्दात, आणि तो शब्द डूमच्याच मुळाचा. इंग्रजीत हे दोन अर्थ एकामागून एक आले. आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाला खटकतही नाही. विधी व न्याय विभागाच्या पाटीकडे बघून कुणाला कपाळावरचं लिखित आठवत नाही. अंत्यविधीत तर तो शब्द स्मशानापर्यंत सोबत येतो.

नौपाडाकर

शारदाताई, क्या बात है. मी निवाडा, दैव, प्राक्तन यांत शोधत होतो. विधी समोर होता.

पाचपाखाडी_पीके

मान्य. इथे मूळ शोधण्याचा उपयोग दिसला. धर्म शब्दही यातलाच का? यमाला धर्मराज म्हणतात, तो न्यायही करतो आणि नेतोही. डूम्सडेचा न्यायाधीशच की.

शारदा_नेरूळ

पीके, कल्पना म्हणून जोडी उत्तम. पण धर्म हा धृ धातूचा, धारण करणे. धा वेगळा, धृ वेगळा. यम आणि चित्रगुप्ताची वही मात्र या चर्चेत हवीच.

तलावपाळी

शारदाताई, आदराने एक मतभेद मांडतो. विधी आणि डूम यांचं मूळ एक असेल, भाव एक नाही. डूम्सडेला माणसाने आधी आयुष्य जगलेलं असतं, केलेल्या कृत्यांवर निवाडा होतो. विधिलिखित जन्माआधी किंवा जन्मताच ठरतं. बाळाच्या सहाव्या दिवशी रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, म्हणून आपण पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवतो. त्या बाळाने अजून काय केलंय? तिथे निवाडा कसला? ते तर निकाल आधी आणि खटला नंतर असं झालं.

शारदा_नेरूळ

तलावपाळी, मुद्दा मोठा आहे आणि मी तो हलका करणार नाही. परंपरेचं उत्तर पूर्वकर्म असं आहे. खटला मागच्या जन्मी झाला, या जन्मी फक्त अंमलबजावणी. ते उत्तर मला वर्गात सांगताना नेहमी जड गेलं आहे, कारण ज्याला आरोपच आठवत नाही त्याला शिक्षा भोगायला लावणं माझ्या बुद्धीला न्याय वाटत नाही. शब्दांची घडण सांगणं आणि तिचं समर्थन करणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कोर्टनाका

ताई, आरोप न सांगता शिक्षा नाही, हा आजच्या कायद्याचा पाया आहे. ज्या कृत्याला ते करताना गुन्हा ठरवलेलं नव्हतं त्यासाठी नंतर शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. म्हणून मला विधी शब्दाचा पहिला अर्थ हवा आहे, दुसरा नको. आमच्याकडे येणारे कित्येक लोक, विशेषतः बायका, अजूनही म्हणतात, "नशिबात होतं ते झालं, केस कशाला?" पोटगीचा कायदेशीर हक्क असताना म्हणतात. तिथे एक विधी दुसऱ्या विधीच्या आड येतो.

मीनल_ऐरोली

कोर्टनाका, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

वाशीची_पुस्तकवाली

धागा आज सापडला. डूम्सडे बुक कुणी आणलंच नाही? १०८५च्या नाताळात विल्यम राजाने हुकूम सोडला आणि १०८६ साली इंग्लंडच्या बहुतेक जमिनीची मोजदाद झाली. कुणाची जमीन, किती नांगर, किती गिरण्या, आधी कुणाकडे होती, आता कुणाकडे. त्या काळच्या इतिवृत्तात वैतागून लिहिलंय की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटलं नाही. लोकांनी त्या दप्तराला नाव ठेवलं डूम्सडे. बाराव्या शतकातल्या एका खजिना अधिकाऱ्याने कारण दिलं आहे: शेवटच्या निवाड्यावर जसं अपील नाही तसं या दप्तरातल्या नोंदीवरही नाही. ते दप्तर आजही लंडनच्या क्यू भागात राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या शेतकऱ्यासाठी डूम आकाशातून येत नव्हता, तलाठ्याच्या वहीतून येत होता. फेरफार नोंद चुकली की काय होतं हे ठाणे जिल्ह्यातल्या ज्या कुटुंबांनी भोगलंय त्यांना हे नाव लगेच कळेल. माझ्या मते शब्द भीतिदायक होण्यात चर्चच्या चित्रांइतकाच या वहीचाही हात असावा. ज्या निर्णयापुढे दाद मागता येत नाही तो न्याय असला तरी नाशासारखाच वाटतो.

वर्तकनगर_सेक्रेटरी

सातबाऱ्याला डूम्सडे बुक म्हणणाऱ्या ताईंना आमच्या सोसायटीतर्फे चहा.

जुनी_कागदपत्रे

पुस्तकवाली, 'दाद मागता येत नाही' हे तुमचं म्हणणं मला सर्वांत पटलं. आमच्या महजरांतही हरलेला पक्ष वर्षानुवर्षं नवी गोतसभा मागत राहतो, पुन्हा भांडतो. निवाडा शब्दाला नाशाचा वास लागला नाही, त्याचं एक कारण हेही असेल. तो उलटू शकत होता.

कासारवडवली_९५

एक विचारू का? आपल्या शहराचं इंग्रजी स्पेलिंग आणि जुन्या इंग्लंडातला 'थेन' सरदार, दोन्ही अक्षराला अक्षर सारखे. परदेशातल्या सहकाऱ्याने मला विचारलं की तुम्ही सरदारांच्या गावचे का.

जुनी_कागदपत्रे

स्पेलिंग तेवढं एक. आपलं ठाणे म्हणजे स्थान, शिलाहारांचं श्रीस्थानक. तिकडचा थेन म्हणजे राजाचा सेवक, पुढे जमीनदार सरदार. पण योगायोग असा की डूमशी त्याचा खरंच संबंध आहे. एथेलरेड राजाच्या काळात, इ.स. १०००च्या सुमारास, नियम झाला की प्रत्येक विभागातल्या बारा ज्येष्ठ थेनांनी शपथ घ्यायची: निरपराधावर आरोप करणार नाही आणि अपराध्याला लपवणार नाही. काही इतिहासकार ज्युरीचं बीज इथे बघतात. ती ज्युरी आपल्याकडेही आली. १९५९च्या नानावटी खून खटल्यात ज्युरीने आरोपी नानावटींना ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं, मुंबई उच्च न्यायालयाने ते फिरवलं.

कासारवडवली_९५

म्हणजे बारा ठाणेकर बसून निवाडा देणार. सहकाऱ्याला कळवतो.

नौपाडाकर

चर्चेतून मला तीन कारणं दिसली: चर्चचं चित्र, फ्रेंच शब्दांनी घेतलेली जागा आणि अपील नसलेली वही. माझा कल आता वहीकडे झुकतो. एक शंका शारदाताईंना. धा-पासूनचा, डूमला अगदी समांतर, असा नाम-शब्द संस्कृतात आहे का? विधीत वि हा उपसर्ग आहे, डूममध्ये नाही.

शारदा_नेरूळ

आहे. धामन्. आपण चारधाम म्हणतो तोच. ऋग्वेदात मित्र आणि वरुण यांच्या संदर्भात धामन् हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ निवासस्थान असाही करतात आणि त्यांनी घालून दिलेला नियम असाही. प्रत्यय डूमचा आणि धामन्-चा वेगळा आहे, धातू एकच. वरुण हा नियम मोडणाऱ्याला पाशाने बांधणारा, आणि भक्त त्याच्याकडे पाश सैल कर म्हणून विनवणी करतात. तिथे दाद मागायला जागा आहे. पुस्तकवालीच्या मुद्द्याला वेदातून जोड मिळते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खाडीकिनारी

वरुण आमचाही. नारळीपौर्णिमेला त्यालाच नारळ देतो. तो नियम घालणारा देव आहे हे माहीत नव्हतं, पण समुद्राचा नियम मोडला की काय होतं ते प्रत्येक कोळ्याला माहीत असतं. पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणजे बंद.

मीनल_ऐरोली

सगळं वाचलं, फार शिकले. पण डूमस्क्रोलिंगचं काय? इतक्या मोठ्या मंडळींनी एक शब्द देऊ नये?

घणसोलीचा_मन्या

आगचाळण. आग लावणाऱ्या बातम्या चाळत बसणे. काकांचा आगडोंबही वापरात येईल.

शारदा_नेरूळ

मन्या, छान आहे. मोबाइलवर चाळणे हे क्रियापद पुस्तकाच्या पानांवरून आलं आणि इथे नेमकं बसतं. मी 'अरिष्टचाळण' म्हणणार होते, पण गाडीत तुझा शब्द जास्त चालेल.

सीवूड्स_जयंत

भाडेपट्ट्याचा वेगळा धागा काढला आहे. कोर्टनाका ताई, सिडकोचं पत्र आणि आमचा करारनामा यांतला मजकूर तिथे लिहिला आहे. जमेल तेव्हा बघा.